तोरणाखालची जागा

आमचे सर रस्त्याच्या मधोमध चालत. कडेने चालताना त्यांना कुणी पाहिलेलं नाही. शेजारच्या धाड गावच्या बाजाराच्या दिवशी जीपगाड्या टपावरसुद्धा माणसं घेऊन येत, आणि त्यांच्यापुढे हा माणूस इस्त्रीची पांढरी पँट, पांढरा शर्ट, काखेत छत्री अशा थाटात निवांत चाललेला असे. मागून जीपवाला हॉर्न वाजवून वाजवून थकायचा. शेवटी डोकं बाहेर काढून ओरडायचा, "ओ मास्तर, रस्ता काय तुमच्या बापाचा हाये का?"

"नाही ना," सर वळून शांतपणे सांगायचे. "माह्या बापाचा नव्हता. तो जल्मभर कडंकडंनं चालला. म्हनूनच मी मधून चालून राह्यलो. आता तू जाय कडंनं."

आणि जीप खरंच एक चाक मातीत घालून कडेने जायची. सर गेले. आता त्या रस्त्याने जीपगाड्या सुसाट जातात आणि मला ते अजिबात आवडत नाही.

सरांनी आम्हाला जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवलं. ते आमच्याच गावचे, बौद्ध वस्तीतले. आमचं घर कुणब्याचं, गावच्या पारासमोरचं. सरांचे वडील माझ्या आजोबांकडे सालदार होते, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत होती, पण कुणी मागे कुजबुजायच्या आत सर स्वतःच वर्गात सांगून टाकत. माझ्याकडे बोट करून म्हणत, "याच्या आज्याच्या गोठ्यात माह्यं लहानपन गेलं. शेन कसं उचलावं हे शिकाचं असन तर मले विचारा. याले येनार नाही." वर्ग हसायचा. मीही हसायचो, कारण मला खरंच येत नव्हतं.

आडनावाने ते कुणालाही हाक मारत नसत. आडनाव तहसीलमध्ये दाखवायचं, रस्त्यावर कशाला, असं त्यांचं म्हणणं. जो जे काम करतो ते त्याचं नाव. माझ्या वडिलांना अख्खं गाव पाटील म्हणे, सर म्हणत, "काय शेतकरी, कसं काय?" बाबांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतला त्या दिवसापासून ते 'ट्रॅक्टरवाले' झाले. मी धाडला कृषी केंद्र टाकलं तेव्हापासून मी 'दुकानदार'. बाबांना याचा भयंकर राग यायचा. पण शिवी तर दिलेली नाही, मग भांडायचं कशावरून?

वर्गात त्यांच्या दोन सवयी होत्या. एक म्हणजे अर्धवट उत्तर चालत नसे. "पूर्ण वाक्यात उत्तर द्या," म्हणून छडी टेबलावर आपटत. दुसरी सवय हात वर करायला लावण्याची. नागरिकशास्त्राचं पुस्तक मिटून ठेवत आणि फळ्यावर मधोमध उभी रेघ मारत. एका बाजूला लिहीत 'गाव', दुसऱ्या बाजूला 'वस्ती'. मग सुरू.

"ज्याच्या घरी वावर हाये त्यानं हात वर करा." आमच्या बाजूचे हात वर. "ज्याची माय दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाते त्यानं हात वर करा." वस्तीतल्या पोरांचे हात वर. पण आमच्या बाजूलाही दोनतीन हात कानापर्यंत येऊन तिथेच लटकायचे, ना वर ना खाली. सर ते बघायचे आणि फळ्यावर बरोबर लिहायचे. नाव घ्यायचे नाहीत. "ज्याच्या घरी बाप दारू पिऊन येते?" दोन्हीकडचे हात खाली, आणि सगळे एकमेकांकडे बघायचे. "इथं समता आली पाहा," सर खडू झटकत म्हणायचे.

समाजातली विषमता असा धडा पुस्तकात होता. तो आम्हाला कधीच वाचावा लागला नाही.

रिटायर झाल्यावर पुण्यातल्या इंजिनिअर मुलाची इच्छा होती की आईवडिलांनी त्याच्याकडे यावं. सर धाडच्या बाजारात गेले आणि बैलजोडी घेऊन आले. जमीन हातभरसुद्धा नाही, आणि दारात जोडी! गाव आठवडाभर हसलं. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, येईल त्याला सांगत, "लोकाइचे मास्तर रिटायर होऊन पोराकडं जातात. आमचे गोठ्यात गेले."

बैलांची नावं त्यांनी ठेवली इतिहास आणि भूगोल. भूगोल गरीब होता, जिकडे वळवाल तिकडे वळायचा. इतिहास मात्र रस्त्यात अडून बसायचा तो बसायचाच. "चाल इतिहास, चाल! तिथंच काऊन बसला बे?" असा आवाज सकाळी वस्तीकडून आला की माझी आई भाकरी थापता थापता हसायची.

पण हसणं पेरण्या होईपर्यंतच टिकलं. सोयाबीन हातभर वर आलं की त्यात ट्रॅक्टर शिरत नाही. तिथे बैलांचा डवराच लागतो, ओळींमधलं तण काढायला. आणि बैल तर गावाने एकेक करून विकून टाकले होते. सालदार मिळत नाही, चारा परवडत नाही, पोरं शेण काढत नाहीत, कारणं सगळ्यांची सारखीच. तेव्हा एकेक जण पाय ओढत सरांकडे जाऊ लागला. सर पँटीची घडी न मोडता डवरा हाणायचे. "शेन धुता येते हो," म्हणायचे, "कपडा कशाले मळका घालाचा?" भाडं जे चालू असेल ते, ना रुपया जास्त ना कमी. आमच्या वावरातही ते आले. जिथे त्यांच्या बापाने दुसऱ्याचे बैल हाकले, तिथे यांनी स्वतःचे हाकले. बाबा धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे राहून पाहत होते.

माझ्या दुकानात दुपारी चार लोक बसतात. सर आले की हटकून तोच विषय निघे. कुणीतरी म्हणणारच, "आता काय फरक राह्यला सर? उलट तुमचंच बरं हाये. पगार, पेन्शन, पोरं साहेब. आमच्या पोट्ट्याइले तर पोरगी कोनी देऊन नाही राह्यलं."

सर आधी हे सगळं मान्य करायचे. हीच त्यांची खोड. "खरं हाये. वावर हाये पन पोरगं बिनलग्नाचं, हे दुखनं मोठंच हाये. लिहा तुमच्या बाजूनं." मग छत्री मांडीवर आडवी ठेवून म्हणायचे, "आता माह्या बाजूचं लिहा. वस्तीत पेन्शनवालं घर माह्यं, आन त्या नर्सबाईचं. बाकीच्या घरच्या बाया आज सकाळी कुठं गेल्या? तुमच्याच वावरात निंदाले ना? तुम्ही माह्या घराचा स्लॅब पाहता आन साऱ्या वस्तीवर स्लॅब टाकून मोकळे होता."

एकदा मीच चिडून विचारलं, "सर, समजा उद्या सगळं बरोबरीत आलं. तुमची पोरं साहेब, आमची पोरं साहेब. मग उरलं काय?"

"तोरनाखालची जागा," सर म्हणाले. "एवढीशी हाये. पन तीच उरते."

तेव्हा मला ते नीट कळलं नाही. कळलं पुढच्या पोळ्याला.

आमच्या गावचा पोळा पारापाशी भरतो. दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. पहिली जोडी मानाची, ती आमच्या घरची. ती तोरणाखालून गेली की तोरण तोडायचं, म्हणजे पोळा फुटला. मग बाकीचे बैल. आजोबांच्या काळात सरांचे वडील पहाटेपासून बैल धुवायचे, शिंगं रंगवायचे, घुंगरं बांधायचे, मिरवत पारापर्यंत आणायचे. तोरणाच्या अलीकडे कासरा आजोबांच्या हातात द्यायचा. आजोबा बैल घेऊन तोरणाखालून जायचे. पलीकडे कासरा परत गड्याच्या हातात. वर्षभर तो कासरा सालदाराच्या हातात असे, तेवढी जागा सोडून.

बैल संपले तसा आमच्याकडे मातीच्या बैलांचा पोळा सुरू झाला. पाटावर पूजा करायची, नैवेद्य दाखवायचा, आणि पारावर ट्रॅक्टरला हार घालून न्यायचा. पण मानाची पहिली जोडी तरी खरी हवी ना! दोनतीन वर्षं कुणाकुणाची मागून आणली. शेवटी गावात एकच जोडी उरली. इतिहास आणि भूगोल.

बाबा दोन वडीलधारी माणसं घेऊन सरांच्या दारात गेले. मीही होतो.

"मास्तर, उद्या जोडी तेवढी द्या."

"जोडी देत नाही," सर म्हणाले. "मी घेऊन येतो."

"हाव, तोरनापर्यंत तुम्हीच आना. खालून मी नेतो, पलीकडं तुमच्या हाती देतो. मान आमच्या घरचा हाये, तुम्हाले तर माहीतच हाये."

"माहीत हाये. माह्या बापानंबी असाच कासरा दिला होता."

"मंग तेच तर म्हनून राह्यलो मी."

"मीबी तेच म्हनून राह्यलो."

एका म्हाताऱ्याने मध्यस्थी केली. पारावर सरांचा शाल-नारळ देऊन सत्कार करू म्हणाला. सरांनी गोठ्याकडे बोट दाखवलं. रिटायरमेंटला मिळालेल्या सगळ्या शाली जोडून काकूंनी बैलांच्या झुली शिवल्या होत्या. "शाली लय हायेत," सर म्हणाले. "आवतन असन तर सांगा. बैलाइले तुम्ही आवतन देता, 'उद्या जेवाले या' म्हनता. तसं मले द्या, 'कासरा घेऊन तोरनाखालून या' म्हना. मी येतो."

बाबांनी उठून चपला पायात सरकवल्या.

वस्तीतही सगळं आलबेल नव्हतं. विहाराच्या कमिटीतला एक तरुण सरांवर तणतणत आला. आम्ही अजून अंगणाबाहेर पडत होतो, त्याला आमची पर्वा नव्हती. "सर, आपन हे सारं सोडलं. पोळा आपला नाही. त्याइच्या तोरनाखाली जाऊन काय भेटनार हाये? तुम्ही आम्हाले मान खाली घालाले लावून राह्यले."

सर त्याच्यावर कडाडले. "देव सोडला मी. बैल कवा सोडला? माह्या बापानं जल्मभर बैल धुतले, ते काय पूजा होती बे? काम होतं ते. कामाचा मान घ्याले चाललो. हात नाही जोडनार, अन् रिकामाबी नाही येनार."

दुसऱ्या दिवशी सर जोडी घेऊन आले. बैलांच्या अंगावर शालींच्या झुली, शिंगं निळीशार. निळी का, म्हणून कुणीतरी विचारलं, तर सर म्हणाले, "दुकानात हाच रंग शिल्लक होता." दुकान माझंच होतं आणि रंग सगळे होते.

तोरणाच्या अलीकडे ते थांबले. बाबांनी हात पुढे केला. सरांनी कासरा दिला नाही. आणि आतही शिरले नाहीत. त्यांना कुणी अडवू शकलं नसतं, पोलिसात गेले असते तर आम्हालाच भारी पडलं असतं. पण घुसायचं नव्हतंच त्यांना. "आवतन द्या," एवढंच म्हणाले आणि उभे राहिले. मागे हारतुरे घातलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली. मानाची जोडी गेल्याशिवाय कुणाला जाता येईना, आणि सर जाईनात की हटेनात. इतिहास तर चक्क बसला. घरोघर पुरणपोळ्या निवत होत्या, कारण बैलांआधी जेवायचं नसतं. शेवटी माझी आई घरातून तरातरा आली आणि सगळ्यांसमोर बाबांना म्हणाली, "मान आपला म्हनता, तर बैल कुठं हाये आपला? बोला ना एक शब्द, जीभ झडते काय?"

बाबा पाठ फिरवून पारावर जाऊन बसले.

दिवस मावळला. सरांनी जोडी वळवली आणि आले तसे रस्त्याच्या मधोमध परत गेले. त्या वर्षी आमच्या गावात पोळा फुटला नाही. ट्रॅक्टर बाजूच्या बोळातून घरी गेले. तोरण तसंच राहिलं, पानं वाळून खडखडायला लागली तरी काढायला कुणी धजेना. मानाच्या जोडीशिवाय ते तोडणार कोण? येणारा-जाणारा पाहुणा विचारायचा आणि पारावर बसलेले लोक दुसरीकडे बघायचे. मला मात्र, खरं सांगतो, ते वाळकं तोरण बघून आतून बरं वाटायचं. निदान खोटं काही घडलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात सोयाबीन वर आलं आणि बाबांना निरोप पाठवावाच लागला. सर आले, जणू काही झालंच नाही अशा थाटात. मधेच डवऱ्यात तण अडकलं ते काढायला वाकले आणि कासरा बाबांपुढे धरला. "धरा जरा." बाबांनी धरला. सर तण काढत खालूनच बोलले, "पाहा, ट्रॅक्टरवाले. वावरात कासरा कोनाच्याबी हाती चालते."

बाबांचं मन पालटलं वगैरे मी म्हणणार नाही. माणसं साठीनंतर पालटत नाहीत. पण दुसऱ्या वर्षीही पोळा फुटला नाही तर आपल्याच नावाने बोटं मोडली जातील, हे त्यांना कळत होतं. आणि आईचा तो प्रश्न त्यांना वर्षभर टोचत होता, हे मला कळत होतं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळतात. जू ओढून ओढून खांदा निबर झालेला असतो, त्याची ती माया. बाबा उपरण्याखाली वाटी झाकून निघाले. मी मागे. वस्तीत शिरल्यावर लोक दारात आले. सर अंगणात खुर्ची टाकून बसले होते. उठले नाहीत.

बाबा सरळ बैलांपाशी गेले. लोणी हातावर घेतलं आणि भूगोलच्या खांद्याला चोळायला लागले. हे काम आमच्या घरात सालदाराचं, सालदार मिळेनासा झाल्यावर शेवटची काही वर्षं तेवढं बाबांनी केलेलं. पण बैल विकून इतकी वर्षं झाली तरी त्यांचा हात चुकत नव्हता. इतिहासने मान लांब केली. चोळून झाल्यावर बाबा बैलांच्या कानाशी म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"बैलाइचं झालं," सर खुर्चीतून म्हणाले.

बाबा उपरण्याला हात पुसत राहिले. हात कधीच कोरडे झाले होते. मग म्हणाले, "मास्तर... तुम्हीबी."

"मीबी काय?" सर म्हणाले. "पूर्ण वाक्यात उत्तर द्या."

मला वाटलं, आता वाटी भिरकावतात. काकूंनी दारात तोंडाला पदर लावला. बाबांचा चेहरा लाल झाला. आणि मग, चाळीस पोरांच्या वर्गात उभं केल्यासारखे, एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "मास्तर, तुम्हीबी आवतन घ्या. उद्या जोडी घेऊन तोरनाखालून जा. कासरा तुमच्याच हाती राहीन."

"आता बरोबर," सर म्हणाले. "बसा. च्या टाक वं."

दुसऱ्या दिवशी पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. वाळकं तोरण काढून नवीन बांधलं होतं. वस्तीतली माणसंही आली होती. तो कमिटीतला तरुण लांब, हाताची घडी घालून, पण आला होता. पहिली जोडी सरांची, तिच्यामागे ट्रॅक्टरवर बाबा. पोळ्यात झडती म्हणायची पद्धत आहे, म्हणजे ठसक्यात टोमणे मारणारं गाणं. सर तोरणासमोर थांबले आणि वर्गातल्या आवाजात त्यांनी झडती टाकली:

"तुमच्या घरी वावर, माह्या घरी पगार,
दोहीकडच्या पोट्ट्याइले मोबाइलचा आजार.
तुमच्या दारी ट्रॅक्टर, माह्या दारी जोडी,
तोरनाखालच्या जागेचीच काऊन एवढी गोडी?"

शेवटी महादेवाचा जयजयकार असतो. सर तिथे थांबले. "ती ओळ तुमची," म्हणाले. "तुम्ही म्हना. वरच्या माह्या." लोकांनी हसत हसत जयजयकार केला, सरांनी कासरा आवळला, आणि इतिहास-भूगोल तोरणाखाली गेले.

आणि तिथेच थांबले.

आधी वाटलं, इतिहास पुन्हा अडला. पण तो उभाच होता. सरांनीच कासरा खेचून धरला होता. मागे सगळे ट्रॅक्टर धडधडत होते. कुणीतरी ओरडलं, "चला सर, झालं ना आता!"

"माह्यं झालं," सर म्हणाले. त्यांनी मागे पाहिलं नाही. "आता माह्या बापाचं हाये. त्यानं लय वर्सं हा कासरा अलीकडं देला अन् पलीकडं घेतला. तेवढा वेळ मी इथं उभा राहनार हाये."

ट्रॅक्टरांच्या आवाजात मागच्यांना ऐकू गेलं नसावं. हॉर्न वाजला. तेव्हा सर वळले, छत्री वर केली, आणि आम्हा सगळ्यांना, दोन्ही बाजूंच्या सगळ्यांना, एकदमच विचारलं:

"ज्याले घाई हाये, त्यानं हात वर करा."

कुणाचा हात वर गेला नाही. माझ्या बाबांचा एक हात तेवढा स्टेअरिंगवरून उचलला गेला. तो हात खाली गेला, आणि त्यांनी चावी फिरवून ट्रॅक्टर बंद केला. मग मागचा बंद झाला, मग त्याच्यामागचा. शेवटचा बंद झाल्यावर बैलांच्या गळ्यातली घुंगरं ऐकू यायला लागली.